सेंट व्हिन्सेंट ते ग्रेनाडा: शिडाच्या बोटीने पहिली कॅरिबियन सफर

"कॅरिबियन बेटं बोटीने फिरायची आहेत, दोन आठवडे पुरतील ना?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. क्युबापासून त्रिनिदादपर्यंतची बेटांची कमान अडीच हजार किलोमीटरहून लांब आहे. त्यात जवळजवळ प्रत्येक बेटाचा देश वेगळा, शिक्का वेगळा, झेंडा वेगळा. दोन आठवड्यांत सगळं बघायला निघालात तर तुम्ही समुद्र कमी आणि सरकारी टेबलं जास्त बघाल. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच टापू सांगते: सेंट व्हिन्सेंटपासून दक्षिणेला ग्रेनाडापर्यंत. मधल्या छोट्या बेटांच्या माळेला ग्रेनाडीन्स म्हणतात. साधारण ७० सागरी मैलांचा हा पट्टा आहे आणि एका बेटावरून पुढचं बेट बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतं. दहा दिवस हाताशी ठेवा.

आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा तिथला तांडेल घेऊन, दुसऱ्यांदा स्वतः बोट चालवत. दोन्ही वेळी जिथे अडलो, ते सगळं खाली लिहिलं आहे.

१. दिशा आणि महिना आधी ठरवा

शाळेच्या भूगोलात व्यापारी वारे शिकलो होतो, ते इथे अंगावर येतात. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून, १५ ते २५ नॉट (म्हणजे ताशी सागरी मैल). उत्तरेकडून दक्षिणेला जाताना तो डाव्या बाजूने येतो आणि बोट मजेत धावते. उलट दिशेने हाच वारा तोंडावर घेऊन, समुद्राचा मार खात चढावं लागतं. त्यामुळे बोट सेंट व्हिन्सेंटला घ्या आणि ग्रेनाडाला सोडा. सगळ्या कंपन्या दुसऱ्या देशात बोट सोडू देत नाहीत आणि ज्या देतात त्या वेगळे पैसे घेतात. हे बुकिंगच्या पहिल्याच ईमेलमध्ये विचारा.

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्याचा कळस सप्टेंबरच्या मध्यावर. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या दर्यात लोटतात, नेमक्या त्याच सुमाराला तिथे धोका वाढत असतो, हे लक्षात ठेवा. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत वारा आडदांड असतो. तिथले लोक त्याला ख्रिसमसचे वारे म्हणतात. नवख्यांनी फेब्रुवारी ते एप्रिल धरावा.

ही बेटं वादळाच्या मुख्य वाटेच्या दक्षिणेला आहेत म्हणून सुरक्षित, असं पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळ थेट याच मार्गावरच्या कॅरियाकू बेटावर आदळलं. कॅरियाकू, पेटिट मार्टिनिक आणि युनियन बेटावरची बहुतेक घरं मोडली किंवा उघडी पडली. तिवरांच्या खाडीत आसऱ्याला नेऊन बांधलेल्या बोटीही वाचल्या नाहीत. त्या गावांतून तुम्ही जाणार आहात. जुन्या माहितीत लिहिलेलं एखादं दुकान किंवा धक्का जागेवर नसेल, तर कुरकुर करू नका. जे दुकान उघडं असेल तिथे खरेदी करा.

२. बोट कोण चालवणार?

बोट नुसती भाड्याने घेऊन स्वतः चालवायची असेल तर कंपनी तुमचा अनुभव लेखी मागते: कुठे, किती लांबीच्या बोटीवर, किती दिवस, कोणत्या जबाबदारीवर. आरवायए (ब्रिटनची नौकानयन संस्था) देते त्या डे स्किपरसारखं प्रमाणपत्र असेल तर काम सोपं होतं. मुंबई बंदरात छोट्या डिंगीवर शिकलेलं पायाभूत म्हणून उत्तम आहे, पण ४० फुटी बोट नांगरायला ते पुरत नाही. मनात थोडीही शंका असेल तर तांडेल घ्या. दिवसाचे पैसे आणि त्याचं जेवण एवढाच खर्च, आणि पहिल्या फेरीत तुम्ही त्याच्याकडून जे शिकाल ते कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत.

आपल्याकडे शिकलेल्यांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगते.

बोयांचे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे, रंग उलटे असतात. भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. कॅरिबियनमध्ये लाल उजव्या हाताला. जगात बोयांच्या अ आणि ब अशा दोन पद्धती आहेत आणि आपण वेगवेगळ्या बाजूंना पडतो. सवयीने वळलात तर सरळ प्रवाळाच्या खडकावर जाल. आम्ही सुकाणूशेजारी चिकटपट्टीवर "आत जाताना लाल उजवीकडे" असं लिहून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, इथे जेमतेम अर्धा मीटर. बोट वाळूत रुतली तर भरती येऊन उचलेल ही आशा इथे धरू नका.

३. कागदपत्रं

सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा हे दोन्ही देश भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा न काढता येऊ देतात. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्यांच्या इमिग्रेशन खात्याकडून ईमेलने खात्री करा आणि ते उत्तर छापून जवळ ठेवा. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या माणसाला हे देश बहुधा ठाऊक नसतात. तिथे तो कागद कामी येतो.

खरी अडचण वाटेत येते. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेतून किंवा कॅनडातून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे बार्बाडोस आणि तिथून छोट्या विमानाने सेंट व्हिन्सेंट हा मार्ग आम्हाला सोपा गेला, पण लंडनच्या ट्रान्झिटचे नियमही आधी वाचा. आणखी एक: मार्टिनिक आणि ग्वादलूप फ्रान्सचे असले तरी शेंगेनमध्ये मोडत नाहीत. नेहमीच्या शेंगेन व्हिसावर तिथे उतरता येईल असं गृहीत धरू नका.

सोबत ठेवायचे कागद:

- किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट
- परतीचं तिकीट. एका देशात उतरून दुसऱ्या देशातून परतणार असाल तर बोट कंपनीचं पत्र हवंच: ही माणसं अमुक बोटीने अमुक तारखेला ग्रेनाडाला पोचणार आहेत
- बोटीवरच्या सगळ्यांची यादी: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व. किमान सहा छापील प्रती
- बोटीची नोंदणी, विमा आणि भाडेकरार. हे कंपनी देते. मूळ प्रती बोटीवर आहेत का ते डोळ्यांनी बघा
- शिडाची बोट आणि आजारी माणसाला हलवण्याचा खर्च या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेला प्रवास विमा
- नेहमीच्या औषधांची चिठ्ठी
- परत येताना त्रिनिदादमार्गे येणार असाल तर पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड. लस निदान दहा दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात

४. सामान: काय न्यायचं, काय नाही

चाकांची कडक बॅग नको. बोटीवर ती ठेवायला जागाच नसते. घडी घालून गादीखाली सरकवता येईल अशी कापडी पिशवी न्या.

सॅटेलाइट फोन किंवा इनरीचसारखं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतातून घेऊन निघू नका. परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि गोव्याच्या विमानतळावर यावरून पर्यटकांना अटक झालेली आहे. हवं तर तिथे भाड्याने घ्या. तसंच लष्करी छापाचे, हिरवे-करडे ठिपक्यांचे कपडे नेऊ नका, लहान मुलांचेही. सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा, बार्बाडोस या सगळ्या देशांत सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे.

पाण्यातला चष्मा स्वतःच्या मापाचा न्या. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा, बंद सँडल, डोक्याला लावायची बॅटरी. बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्री घ्या. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. आमच्या जाऊबाईंना आलेपाकाने खरंच आराम पडला. डाळ-तांदूळ तिथे मिळतात. मसाला, पापड नेलेत तर सीलबंद न्या आणि कस्टम्सच्या फॉर्मवर लिहा.

पैसे: दोन्ही देशांत पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो. १९७६ पासून तो एका अमेरिकी डॉलरला २.७० या दराला बांधलेला आहे. अमेरिकी डॉलरही घेतात आणि इथेच फसगत होते. "साठ डॉलर" म्हणजे कुठले साठ? दर विचारताना "ईसी की यूएस?" हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा.

५. बोट ताब्यात घेताना

अर्धा दिवस द्या. आम्ही सेंट व्हिन्सेंटच्या दक्षिण टोकाला ब्लू लगूनमध्ये बोट घेतली. बोट दाखवणारा माणूस वीस मिनिटांत उरकायला बघेल, त्याला थांबवा. नांगराचं यंत्र त्याच्यासमोर चालवा आणि साखळी शेवटपर्यंत बाहेर काढून तिच्यावर किती मीटरला कुठली खूण आहे ते बघा. शिडं उघडा, आखडा. डिंगीचं, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं, इंजिन सुरू करा. प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा, कारण शेवटी अनामत त्यावरच ठरते.

गोडं पाणी टाकीत असतं तेवढंच. सहा जणांनी शहरासारखी अंघोळ केली तर दोन दिवसांत संपतं. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची, मग पेलाभर गोड्या पाण्यात विसळायची. समुद्रात पोहून आलात की शेवटी अंगावरून एक तांब्या.

६. नांगर टाकणं

हा भाग दोनदा वाचा. या सफरीत जे काही बिघडतं, त्यातलं निम्मं इथे बिघडतं.

दुसऱ्या फेरीत पहिल्याच दिवशी आम्ही दुपारी उशिरा निघालो आणि बेक्वियाच्या अॅडमिरल्टी बेमध्ये पोचेपर्यंत सूर्य टेकला होता. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश नावालाच असतो. सहाच्या आसपास दिवा मालवल्यासारखा अंधार होतो. पाण्याचा तळ दिसत नव्हता. घाईत नांगर टाकला, साखळी ताणल्यासारखी वाटली, स्वयंपाकाला लागलो. रात्री दोनच्या सुमाराला डोळ्यांवर प्रकाश आला. शेजारच्या बोटीवरचे एक वयस्कर गृहस्थ बॅटरी मारून ओरडत होते. आम्ही घसरत घसरत त्यांच्या बोटीपासून दहा हातांवर आलो होतो. इंजिन सुरू करून नांगर वर घेतला तर त्याच्या टोकाला समुद्री गवताचा भलामोठा गठ्ठा. नांगर वाळूत शिरलाच नव्हता, गवतावर नुसता पडून होता. तो गठ्ठा सुरीने कापून काढताना नवऱ्याच्या हाताची थरथर मला दिसत होती.

तेव्हापासूनचा आमचा क्रम असा. दुपारी दोनपर्यंत मुक्कामी. डोक्यावर सूर्य असताना पाण्याचा रंग वाचायचा: फिकट हिरवं म्हणजे वाळू, काळपट म्हणजे गवत किंवा खडक, तपकिरी-पिवळं म्हणजे प्रवाळ अगदी वर आलेलं. नांगर फिकट डागावरच. पाणी पाच मीटर असेल तर २५ ते ३० मीटर साखळी. साखळी तळावर ढीग होऊन पडू नये म्हणून मागे सरकत सरकत सोडायची. मग इंजिन उलटं फिरवून हळूहळू जोर वाढवायचा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा, एखादं झाड आणि मागचं घर, एका रेषेत धरून बघायच्या. त्या एकमेकींपासून सरकल्या तर नांगर घसरतोय. शेवटी एकाने चष्मा लावून पाण्यात उतरायचं आणि साखळीवरून पोहत नांगरापर्यंत जायचं. पातं वाळूत गाडलेलं स्वतः पाहिलं की रात्री झोप लागते.

बोयाला बोट बांधलीत तरी खाली उतरून त्याचा दोर बघा. रंगीत होडीतून येऊन बोया दाखवणारी तरुण मुलं असतात. बहुतेक कष्टाळू आणि सचोटीची, पण एखादा बोया त्यांच्या मालकीचा असेलच असं नाही. ब्रेड, मासे, बर्फ तेच आणून देतात. आधी "गुड मॉर्निंग" म्हणा, मग दर विचारा. या बेटांवर नमस्काराआधी कामाचं बोलणं उद्धट समजतात. नको असेल तर हसून स्पष्ट नाही म्हणा.

रात्री डिंगी कुलूप लावून आणि पाण्याच्या वर उचलून बांधा.

७. मार्ग, दिवसागणिक

सेंट व्हिन्सेंट ते बेक्विया जेमतेम नऊ सागरी मैल, पण बेटाचा आडोसा सुटला की अटलांटिकची लाट आणि पश्चिमेला ओढणारा प्रवाह एकदम लागतो. आडोशात असतानाच मोठं शीड एक पट्टा आखडून घ्या, उघड्या समुद्रात पोचल्यावर नव्हे. बेक्वियात दोन रात्री राहा. भाजी इथेच भरून घ्या, पुढे महाग आणि कमी मिळते. बाजारात नीरफणस दिसेल. कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ताहितीहून त्याची रोपं सेंट व्हिन्सेंटला आणली होती, गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी. आज तो तिथलं आवडतं राष्ट्रीय अन्न आहे. आम्ही तिखट-मीठ लावून, रवा लावून त्याचे कोकणी काप केले. शेजारच्या बोटीवर ताट पाठवलं ते रिकामं परत आलं.

पुढे कनुआन, मग मेरू. मेरूच्या टेकडीवर दगडी चर्च आहे. तिथवर चढून जा, कारण उद्याचा सगळा रस्ता वरून दिसतो: टोबॅगो कीज.

टोबॅगो कीज म्हणजे पाच निर्जन बेटं आणि त्यांच्या पूर्वेला घोड्याच्या नालेसारखा प्रवाळाचा बांध. संरक्षित क्षेत्र आहे, रेंजर होडीने येऊन शुल्क घेतात, पावती मागून घ्या. सकाळी दहा ते दुपारी दोन याच वेळात आत शिरा आणि एकाला पुढच्या टोकावर उभं करून पाणी वाचायला सांगा. नांगरल्यावर समोर एकही जमीन नसते. बांधावर लाटा पांढऱ्या फुटत असतात, त्यापलीकडे सरळ आफ्रिका. वारा पूर्ण अंगावर, बोटीखालचं पाणी मात्र तळ्यासारखं.

बॅराडल बेटाजवळ बोयांनी आखलेल्या जागेत हिरवी समुद्री कासवं चरतात. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिली असतील. इथे जाणती कासवं गाईसारखी गवत उपटताना दिसतात. मी पाण्यावर निश्चल पडून राहिले. एक कासव वर आलं, नाक बाहेर काढून फुस्स करून श्वास घेतला आणि माझ्याकडे लक्षही न देता खाली गेलं. हात लावू नका, मागे पोहू नका, पायाने तळ ढवळू नका.

इथून युनियन बेटाचं क्लिफ्टन. सेंट व्हिन्सेंट देश इथे संपतो, म्हणून कागदांचं काम.

८. एका देशातून निघणं, दुसऱ्यात शिरणं

निघताना कप्तानाने सगळ्यांचे पासपोर्ट, यादी आणि बोटीचे कागद घेऊन जायचं. कस्टम्स आणि इमिग्रेशन ही दोन वेगळी कामं आहेत, एक झालं म्हणजे दुसरं झालं असं नाही. सेलक्लिअर या ऑनलाइन पद्धतीत माहिती आधी भरली तर वेळ वाचतो. निघण्याचा दाखला मिळतो. तो नसेल तर पुढचा देश आत घेत नाही. आमच्या एका फॉर्मवर पासपोर्टचा एक आकडा चुकला होता आणि सगळं पुन्हा लिहावं लागलं, तोवर जेवणाची सुट्टी झाली. शनिवार-रविवारी जादा शुल्क पडतं. अंगात सदरा आणि पायात चप्पल असू द्या. हे सरकारी कार्यालय आहे, किनारा नव्हे.

कॅरियाकू ग्रेनाडा देशात येतं. त्याच्या हद्दीत शिरताना पिवळा झेंडा (शिक्का अजून व्हायचा आहे, याची खूण) उजव्या बाजूला चढवा. तिथल्या टिरेल बेमध्ये कप्तान एकटाच किनाऱ्यावर जाईल, बाकीच्यांनी बोटीवरच थांबायचं. शिक्का मिळाला की पिवळा उतरवून ग्रेनाडाचा झेंडा लावायचा. त्या झेंड्यावर डावीकडे जायफळ आहे, मुलांना शोधायला लावा.

९. शेवटचा टप्पा आणि पाण्याखालचा ज्वालामुखी

ग्रेनाडाच्या उत्तरेला साधारण आठ किलोमीटरवर समुद्राखाली किक एम जेनी नावाचा जागता ज्वालामुखी आहे. त्याच्याभोवती दीड किलोमीटरचं वर्तुळ कायम टाळायचं आणि इशाऱ्याची पातळी वाढली तर पाच किलोमीटरचं. निघायच्या सकाळी पातळी विचारून घ्या आणि नकाशावर वर्तुळ आखा. त्यानंतर ग्रेनाडाचा पश्चिम किनारा डोंगराच्या आडोशात येतो, वारा पडतो, मधूनच दरीतून झोत येतो. इंजिन चालू ठेवा.

१०. किनाऱ्यावरचे धोके

मँचिनीलचं झाड ओळखायला शिका. किनाऱ्यावर सावली देतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात. फळ विषारी, चीक लागला तर फोड येतात आणि पावसात त्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून गळणारं पाणी भाजतं. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो, सगळीकडे नाही.

बॅराकुडासारखे प्रवाळावरचे मोठे शिकारी मासे खाऊ नका. त्यांच्यात साठणारं सिग्वाटेराचं विष शिजवूनही जात नाही. कुठला मासा चालेल ते तिथल्या कोळ्याला विचारा. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या फोडून काढतात, म्हणून सूर्य कलला की बोटीवर परत.

११. बोट परत करताना

डिझेल भरून द्या, पावती ठेवा, सुरुवातीचे फोटो उघडून सोबत बसून तपासणी करा.

आणि एक काम बहुतेक जण विसरतात. ग्रेनाडात तुम्ही बोटीचे खलाशी म्हणून नोंदले गेलेले असता, विमानाने आलेले पर्यटक म्हणून नव्हे. विमान पकडण्याआधी कप्तानासोबत इमिग्रेशनमध्ये जाऊन बोटीच्या यादीतून आपलं नाव कमी करून घ्या आणि तो कागद पासपोर्टातच ठेवा. विमानतळावर "देशात कसे आलात?" असं विचारतात, तेव्हा तोच दाखवायचा असतो.